तो गुलाबी आनंदाचा नाहीये

गेल्या महिन्यात कोल्हापुरात शाहू स्मारकच्या गॅलरीत आमच्या सात जणांचं ग्रुप प्रदर्शन होतं. माझी त्यात पाच चित्रं होती, सगळी अ‍ॅक्रिलिक, सगळ्यात मोठं चार फूट बाय पाच फूट, आणि ते जवळजवळ पूर्ण गुलाबी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक काकू आल्या, महाद्वार रोडवर खरेदी करून आल्या असाव्यात, दोन्ही हातात पिशव्या. त्या मोठ्या चित्रासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, पिशव्या खाली ठेवल्या, मागे सरकून परत बघितलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किती प्रसन्न वाटतं गं बघून. तू फार आनंदी स्वभावाची असणार."

मी थँक्यू म्हणाले, त्यांना पाणी विचारलं. रात्री घरी येऊन मात्र झोप लागेना, कारण ते चित्र मला आयुष्यात आलेल्या पहिल्या पॅनिक अटॅकचं आहे.

काकूंची काही चूक नाही. चित्राखाली मी लेबल लावलं होतं 'अनटायटल्ड ३', त्यावरून कुणाला काय कळणार. आणि आपल्याकडे रंगांचा हिशोब सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो, भडक म्हणजे आनंद, काळा-करडा म्हणजे दुःख. शाळेत मीच मुलांना कलर व्हील शिकवताना उष्ण रंग आणि शीत रंग म्हणून फळ्यावर दोन भाग करते आणि उष्ण रंगांपुढे उत्साह, आनंद असं लिहिते, कारण पुस्तकात तसं आहे. पण माझा अनुभव तसा नाहीये आणि तो एकदा नीट लिहून काढावा असं त्या रात्री वाटलं, म्हणून ही पोस्ट.

२०१८ ची चैत्र यात्रा. आमच्या माहेरचं दैवत जोतिबा, त्यामुळे लहानपणापासून चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, जाणं चुकलेलं नाही. ज्यांनी जोतिबाची यात्रा बघितलीये त्यांना सांगायला नको, पण ज्यांनी नाही बघितली त्यांच्यासाठी सांगते, तिथे गुलाल कपाळाला लावण्यापुरता नसतो. सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच मानाच्या काठ्या, नाचत निघतात, त्यांच्यावर मुठी मुठी गुलाल आणि खोबरं उधळलं जातं आणि थोड्या वेळात अख्खा डोंगर गुलाबी होतो. पायऱ्या, भिंती, देवळाची शिखरं, बायकांच्या साड्या, कुत्री, नारळाच्या पाट्या, सगळं. नाकात गुलाल, दातावर गुलाल, घरी आल्यावर दोन दिवस रुमाल गुलाबी निघतो. आणि त्या सगळ्यात दवण्याचा वास. मला हे सगळं फार आवडायचं, अजूनही आवडतं, ते आधीच सांगून ठेवते.

त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास आम्ही पायऱ्यांवर अडकलो, वरनं लोंढा आणि खालनं लोंढा. सासनकाठी जवळ आली, चांगभलंचा गजर झाला, वरून गुलालाचा मोठा लोट आला आणि मला समोरचं काहीच दिसेना. नुसतं गुलाबी. आणि अचानक छाती इतकी धडधडायला लागली की मला वाटलं बाहेरच्यांना ऐकू जात असेल. बोटांना मुंग्या आल्या, जीभ कोरडी पडून टाळूला चिकटली, श्वास आत जातोय पण पुरतच नाहीये. आणि एक अगदी स्पष्ट, शांत विचार, की मी आत्ता इथे मरणार. घाबरून आलेला विचार नव्हता तो, खात्रीच होती.

मी खाली बसले, थरथरायला लागले. आजूबाजूला कोणीतरी म्हणालं, "वारं आलं, वारं आलं, बाजूला व्हा." म्हणजे अंगात आलंय. लोक सरकले, दोघी-तिघींनी मला हात जोडले. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, गर्दीतून वाट काढत आले, त्यांनीही तसंच समजून मूठभर गुलाल माझ्या कपाळाला फासला आणि डोळे मिटून हात जोडले. मला ओरडून सांगायचं होतं की पाणी द्या, मला बाहेर काढा. तोंडातून शब्द फुटला नाही. शेवटी एका नारळवाल्या मावशींनी मला दंडाला धरून त्यांच्या दुकानामागे नेलं, बारदानावर बसवलं आणि तांब्याभर पाणी दिलं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरलं. पॅनिक अटॅक दहा मिनिटांच्या आसपास कळसाला जातो आणि मग उतरतो, हे मला खूप नंतर कळलं. त्या वेळी ती दहा मिनिटं संपतील असं वाटलंच नव्हतं.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, एका डॉक्टरांनी गॅसची गोळी दिली, दुसऱ्यांनी टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं. अटॅक येतच राहिले, बसमध्ये, एकदा चक्क वर्गात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला मला दीड वर्ष लागलं, कारण आमच्याकडे त्याला अजून खुळ्यांचा डॉक्टर म्हणतात आणि मी शाळेत बाई आहे, गावात सगळे ओळखतात. आता निदान १४४१६ वर, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनवर, फोन लावून मराठीत बोलता येतं, कोणाला दिसत नाही की तुम्ही कुठल्या दवाखान्याची पायरी चढलात. ती सेवा सुरू झाली ऑक्टोबर २०२२ मध्ये. मला तेव्हा असती तर बरं झालं असतं.

आणि त्या दीड वर्षाच्या शेवटाला २०१९ चा महापूर आला.

पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं शुक्रवार पेठेतलं घर, तळमजला. आम्ही नेसत्या कपड्यानिशी बहिणीकडे गेलो आणि आठ दिवसांनी परत आलो तेव्हा पाणी ओसरलेलं होतं आणि भिंतीवर छातीएवढ्या उंचीला एक सरळ तपकिरी रेघ होती. माझी जुनी चित्रं पलंगाखाली होती, बारा-तेरा वर्षांची जलरंगातली निसर्गचित्रं. मी कोल्हापुरात शिकले, आणि इथे चित्रकार म्हणजे निसर्गचित्रण आलंच. अबालाल रहमान, बाबूराव पेंटर, रवींद्र मेस्त्री, ही नावं ऐकतच आम्ही मोठे झालो, पहाटे उठून रंकाळ्यावर नाहीतर पंचगंगा घाटावर बोर्ड घेऊन बसणं हेच शिक्षण. त्या सगळ्या कागदांचा एक लगदा झाला होता, मी तो फावड्याने उचलला. रडू आलं नाही, मला वाटलं मी खूप खंबीर आहे. नंतर लक्षात आलं की मला काहीच वाटत नव्हतं, आणि पुढचे कितीतरी महिने वाटलं नाही.

हा भाग नीट सांगायचाय. लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे काळोख, सिनेमात पण तसंच दाखवतात, अंधारी खोली आणि खिडकीशी बसलेली बाई. माझ्या बाबतीत काळोख नव्हता. सगळं दिसत होतं, फक्त रंग कमी झाले होते. दसऱ्याला झेंडूच्या माळा करायला घेतल्या आणि मी नवऱ्याला म्हणाले, या वर्षी झेंडू फिका आलाय का रे, पुरामुळे असेल. तो म्हणाला, नाही, नेहमीसारखाच आहे. मी परत बघितलं, मला तो धुतलेल्या चिखलाच्या रंगाचाच दिसत होता. शिकलेली चित्रकार मी, रंगांच्या छटा ओळखणं हे माझं काम, आणि मला झेंडू दिसत नव्हता. तेव्हा मी पहिल्यांदा खरी घाबरले आणि त्याच आठवड्यात मैत्रिणीला घेऊन डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर चांगले भेटले. त्यांनी झेंडूची गोष्ट हसण्यावारी नेली नाही. त्यांनीच सांगितलं की जर्मनीत फ्रायबर्गला यावर काम झालंय, २०१० साली. तिथल्या संशोधकांनी डिप्रेशनच्या ४० पेशंटांच्या आणि ४० निरोगी माणसांच्या डोळ्यांच्या पडद्याचा, रेटिनाचा, विजेचा प्रतिसाद मोजला, समोर काळ्या-पांढऱ्या चौकटी कमी-जास्त कॉन्ट्रास्टने दाखवून. डिप्रेशन असलेल्यांच्या रेटिनाचा प्रतिसाद स्पष्टपणे कमी होता. म्हणजे कॉन्ट्रास्ट खरोखरच कमी पोचतो. प्रयोग काळ्या-पांढऱ्यावर होता, झेंडूवर नव्हता, त्यामुळे माझ्या झेंडूचा पुरावा म्हणून मी तो सांगत नाही. पण मला त्याने केवढा आधार वाटला, की हे मी मनाने रचत नाहीये, डोळ्यांच्या पातळीवरही काहीतरी होत असू शकतं.

गोळी सुरू झाली. तीन आठवडे काहीच नाही, नुसती मळमळ, मला वाटलं उपयोग नाही. ह्या गोळ्यांना असर दाखवायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, हे आधी सांगितलेलं असूनही मधेच बंद करावीशी वाटते, कृपा करून करू नका. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी शाळेत पाचवीच्या मुलांचे पोस्टर कलरचे डबे गोळा करत होते, एका पोराने गुलाबी डबी उघडी ठेवलेली, त्यावर खिडकीतलं ऊन पडलेलं. आणि मला तो गुलाबी दिसला. पूर्ण, अंगावर येणारा. आणि लगेच छाती धडधडली, हाताला मुंग्या आल्या, जोतिबाच्या पायऱ्यांवरचं सगळं परत. मी बाकावर बसले, चार आकडे मोजत श्वास घेतला, चार आकडे मोजत सोडला. भीती वाटत होती आणि त्याच वेळी मला इतकं बरं वाटत होतं की काहीतरी वाटतंय. भीतीसुद्धा परत आली होती आणि ती रंगाच्या बरोबर आली होती.

तिथून मी अमूर्त चित्रांकडे आले. ठरवून नाही. निसर्गचित्रात मी ती गोष्ट कुठे ठेवणार, डोंगर काढू, पायऱ्या काढू, गर्दी काढू? त्यात यात्रा येईल, मी येणार नाही. मला ते हवं होतं जेव्हा समोर काहीच नव्हतं आणि नुसता रंग होता, ज्याला कडा नव्हती, खोली नव्हती, तो डोळ्याच्या किती जवळ आहे तेही कळत नव्हतं.

ते जमायला दोन वर्षं गेली. पहिल्यांदा मी खराच गुलाल वापरला, मला वाटलं ह्याच्याहून प्रामाणिक काय असणार. अ‍ॅक्रिलिक मीडियममध्ये कालवला आणि कॅनव्हासवर चढवला, पहिल्या दिवशी तो इतका सुंदर आणि इतका भयंकर दिसला की मी खोलीबाहेर जाऊन बसले. पण बाजारातला गुलाल म्हणजे बहुतेक वेळा पिठासारख्या पांढऱ्या पावडरीवर चढवलेला डाय असतो, तो उजेडात टिकत नाही. चित्र खिडकीशेजारच्या भिंतीवर होतं, आणि पावसाळा यायच्या आत उन्हाच्या बाजूचा अर्धा भाग फिका पडून शिळ्या भाकरीसारखा झाला. मी एका सकाळी चहा घेऊन समोर बसले आणि बघितलं तर एका बाजूला पॅनिक आणि दुसऱ्या बाजूला डिप्रेशन, मी न काढताच आलेलं. तो कॅनव्हास मी अजून ठेवलाय, विकणार नाही आणि दाखवणार पण नाही.

नंतर वाचताना मार्क रोथकोच्या हार्वर्डच्या चित्रांबद्दल कळलं आणि मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसून राहिले. रोथको म्हणजे मोठ्या कॅनव्हासवर दोन-तीन तरंगते रंगांचे आयत काढणारा अमेरिकन चित्रकार. त्याने हार्वर्ड युनिव्हर्सिटीसाठी मोठी म्युरल्स केली, ती १९६४ मध्ये एका डायनिंग रूममध्ये लागली, खोलीला मोठ्या काचा. त्याने लाल रंगासाठी लिथॉल रेड नावाचं पिगमेंट वापरलं होतं जे उन्हात उडतं. काही वर्षांत त्या गडद किरमिजीचं फिकट निळसर झालं, आणि १९७९ मध्ये चित्रं उतरवून ठेवून द्यावी लागली. २०१४ मध्ये हार्वर्डवाल्यांनी चित्राला ब्रश न लावता, वरून प्रोजेक्टरने नेमका हरवलेला रंग उजेडाच्या रूपात टाकून ती परत दाखवली. चित्र तेच, फिकंच, फक्त उजेड पडला की मूळ रंग दिसतो, बंद केला की गेला. माझ्या गोळीबद्दल मला याहून नेमकं कोणी काही सांगितलेलं नाही.

रोथकोचं अजून एक. त्याची १९५० च्या दशकातली चित्रं पिवळी, नारिंगी, लाल, अगदी तळपणारी, आणि लोक म्हणायचे काय सुंदर रंगसंगती. त्याला ते अजिबात आवडायचं नाही, मी रंगसंगती करत नाही, मी माणसाची मूळ दुःखं आणि आनंद मांडतो असं त्याचं म्हणणं. १९७० मध्ये त्याने आत्महत्या केली. मग लोकांनी त्याच्या शेवटच्या काळ्या-करड्या चित्रांकडे बोट दाखवलं, बघा, दिसतच होतं. मला हे पटत नाही. त्याच्या नारिंगी चित्रांतही ते होतं, तो स्वतः सांगत होता, तेव्हा कोणी ऐकलं नाही कारण रंग छान होते.

आणि दुसरी यायोई कुसामा, जपानची, जन्म १९२९. तिच्याबद्दल मला फार माया वाटते. लहानपणापासून भास, टेबलक्लॉथवरचं डिझाईन पसरत पसरत छतावर, भिंतींवर, स्वतःच्या अंगावर येतंय असं दिसायचं, आणि ती तेच काढत राहिली, ठिपके आणि जाळ्या. न्यूयॉर्कमध्ये बरीच वर्षं काढून ती जपानला परतली आणि १९७७ पासून टोकियोतल्या एका मनोरुग्णालयात स्वतःच्या इच्छेने राहते, स्टुडिओ जवळच. ऐंशीच्या घरात असताना, २००९ मध्ये, तिने एक मालिका सुरू केली, 'माय इटर्नल सोल', शेकडो चौकोनी कॅनव्हास, एकेक जवळजवळ दोन मीटरचा, त्यात चटक गुलाबी, पिवळा, नारिंगी, हिरवा, शेजारी शेजारी, काही मिसळलेलं नाही. लोक तिथे फोटो काढतात, रंगीबेरंगी म्हणून. मला त्यात दिसते ती उपचार घेत, काम करत राहिलेली एक म्हातारी बाई. आमच्याकडे लोक म्हणतात ना, कलाकार थोडा खुळाच असतो, गोळ्या घेतल्या तर कला मरेल. मलाही एका सिनियर चित्रकारांनी मायेनेच सांगितलं होतं, औषधं सोड, चित्रात ओत सगळं. मी त्यांना कुसामाचं सांगितलं. गोळी सुरू नव्हती तेव्हा मला झेंडू दिसत नव्हता, मी ओतणार काय होते?

तर आत्ताचा गुलाबी. तो क्विनॅक्रिडोन मॅजेन्टाचा आहे, महाग पडतो पण उजेडात टिकतो, गाड्यांच्या पेंटमध्ये पण हेच पिगमेंट वापरतात. खाली आधी पिवळ्याचा पातळ थर, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग वर मॅजेन्टात पांढरा घालून मोठ्या सुरीने ओढायचा, आणि ओला असतानाच सुती फडक्याने मधे मधे पुसायचा, म्हणजे खालचा पिवळा आतून उजेड असल्यासारखा येतो आणि डोळ्याला टेकायला जागा मिळत नाही. असे अकरा थर आहेत. डाव्या बाजूला खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एक वितभर तपकिरी जागा मी मोकळी ठेवलीये, नुसता कच्चा कॅनव्हास. ते बारदान आहे, नारळवाल्या मावशींचं. हे कोणाला कळायची गरज नाही पण ते तिथे नसतं तर मला ते चित्र पूर्ण करता आलं नसतं.

त्या रात्री काकूंचं वाक्य डोक्यात घेऊन मी उठले आणि नवीन लेबल टाईप केलं. दुसऱ्या दिवशी गॅलरी उघडायच्या आधी जाऊन 'अनटायटल्ड ३' काढलं आणि लावलं: 'पॅनिक अटॅक, जोतिबा, चैत्र २०१८'. हात कापत होता. आमच्या शाळेचे लोक येणार होते, सासरचे येणार होते.

शेवटच्या दिवशी आप्पा आले. त्यांना अमूर्त चित्रं कळत नाहीत असं ते स्वतःच म्हणतात, दर वेळी एक चक्कर मारतात, चहा पितात, जातात. त्या दिवशी त्यांनी चष्मा वर करून लेबल वाचलं. मग चित्र बघितलं. परत लेबल वाचलं. मी लांब उभी होते, मला जवळ जायचं धाडस झालं नाही. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग त्यांनी हाताने बोलावलं.

"म्हणजे ते वारं नव्हतं?"

"नव्हतं आप्पा."

"तुला तेव्हा काय होत होतं?"

मी सांगितलं, सगळं, श्वासाचं, मरणार वाटलं ते, पाणी मागता आलं नाही ते. ते चित्राकडे बघत ऐकत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "आणि मी वर अजून गुलालच लावला की गं तुला."

मी त्यांचा हात धरला. सहा वाजता गॅलरी बंद झाली, बाकीच्यांनी आपापली चित्रं उतरवायला घेतली. आप्पा घरी गेले नाहीत. त्यांनी माझं ते मोठं चित्र एका बाजूने धरलं, घरून आणलेल्या जुन्या चादरीत गुंडाळायला लागले, आणि कोपऱ्याला सुतळी बांधताना मला म्हणाले, तू तिकडनं धर, खाली टेकू देऊ नको.